डोंगर हिरवा झाला, पण चुलीवर काय शिजलं?

(कार्यकर्ता शिबिरात केलेल्या मांडणीचा मजकूर. ज्या पाड्यांवरची माणसं शिबिराला येऊ शकली नाहीत, तिथल्या बैठकीत हा वाचून दाखवावा.)



सकाळच्या चर्चेत एका मावशींनी उभं राहून विचारलं, "प्लॉटात झाडं लावा, पैसे मिळतील, असं सांगायला माणसं पाड्यावर येऊन गेली. घ्यायची का नाही ती योजना?" त्यावर बराच गलका झाला. कुणी म्हणालं, घ्या, रोपं फुकट मिळतायत. कुणी म्हणालं, आज झाड लावतील, उद्या जमीन नेतील. दोन्ही बाजूंचं म्हणणं अनुभवातून आलेलं आहे. म्हणून जेवणाची सुट्टी झाली तरी भांडण मिटलं नाही.

आमच्याकडं विषय आलाय चीनचा. तुम्ही म्हणाल, इथं दाव्याची पावती मिळत नाही आणि हे चीनचं काय सांगतायत? पण मावशींचा प्रश्न आणि हा विषय एकच आहे. जमीन धुपू नये, पाणी टिकावं, पोरानातवांनाही पिकावं, अशा शेतीला 'शाश्वत शेती' म्हणतात. नाव चांगलं आहे, कामही चांगलं असू शकतं. पण असा प्रकल्प गावात आला की गावातल्या माणसांचं काय होतं? कोण वर येतं, कोण खाली जातं? आणि ते मोजायचं कसं? चीनमध्ये उताराची शेती सोडवून झाडं लावण्याची जी योजना झाली, तेवढी मोठी योजना जगात दुसरी झाली नाही. ३ कोटींहून जास्त कुटुंबं तिच्यात आली. एवढ्या कुटुंबांचा अनुभव आपल्याला फुकट मिळत असेल तर तो घ्यायला पाहिजे. आम्ही काही चीनला जाऊन आलो नाही. तिथल्या आणि बाहेरच्या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जे लिहिलं, ते वाचून, आपसात बोलून आज मांडतोय.

आधी नांगरा म्हणाले, मग सोडा म्हणाले

थोडा मागचा इतिहास. चीनमध्ये क्रांतीनंतर जमीनदारांची जमीन वाटली गेली, आणि पुढं काही वर्षांतच ती सामुदायिक झाली. १९५८ साली 'मोठी झेप' नावाची मोहीम निघाली. गावोगाव पोलादाच्या भट्ट्या पेटवल्या आणि त्या भट्ट्यांसाठी डोंगरचे डोंगर तोडले. १९६४ पासून शान्शी प्रांतातल्या दाझाय गावाचा आदर्श सगळ्या देशापुढं ठेवला. दाझायच्या लोकांनी हातानं डोंगर फोडून ताली घातल्या होत्या, धान्य पिकवलं होतं. ते त्यांचं कष्टाचं काम होतं. पण वरून हुकूम असा आला की सगळ्यांनी दाझायसारखं करा, आधी धान्य, बाकी सगळं मागून. मग जिथं गवतच शोभतं तिथंही नांगर घातला, जिथं उभं राहता येत नाही त्या उतारावरही मका पेरला.

१९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावातल्या १८ कुटुंबांनी गुपचूप एका कागदावर अंगठे उठवले, की जमीन आपसात वाटून आपापली कसू. पकडले असते तर तुरुंगात गेले असते. पण त्यांचं पीक चांगलं आलं आणि सरकारनं पुढं तीच पद्धत सगळ्या देशात आणली. तेव्हापासून तिथं जमिनीची मालकी गावसमूहाची आणि कसण्याचा करार कुटुंबाचा. आधी १५ वर्षांचा, नंतर ३० वर्षांचा. हे नीट ध्यानात ठेवा. तिथल्या शेतकऱ्याच्या हातात करार आहे, मालकी नाही. आपल्या वनहक्काच्या पट्ट्याशी पुष्कळ जुळतं हे. पट्टा विकता येत नाही, पण कसायला आपला.

मग आला १९९८ चा पूर. यांगत्से नदीला असा पूर आला की तीन हजारांवर माणसं गेली. सरकार म्हणालं, नदीच्या वरच्या अंगाला जंगल तुटलं, उतारावर शेती झाली, म्हणून माती वाहून आली आणि नदी भरली. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण जंगल कुणी तोडलं होतं? वर्षानुवर्षं मोठी तोड सरकारी लाकूड कंपन्यांनीच केली होती. आणि उतार नांगरायला कुणी सांगितलं होतं? सरकारनंच. पण भरपाई करायची वेळ आली तेव्हा डोंगरातल्या गरीब शेतकऱ्याचं शेत पुढं आलं.

आपल्या म्हाताऱ्यांना हे ऐकून काही आठवतंय का? 'अधिक धान्य पिकवा' म्हणून जंगलजमिनीचे एकसाली प्लॉट दिले होते. बापजाद्यांनी ते फोडले, नागली-वरई पिकवली. पुढं तीच माणसं अतिक्रमणदार ठरली. देश लांबचा आहे, रीत तीच आहे.

योजना काय होती

१९९९ साली सिचुआन, शान्शी (ही सियान शहराच्या बाजूची, पश्चिमेची शान्शी) आणि गान्सू या तीन प्रांतांत सुरुवात झाली. २००२ मध्ये योजना देशभर नेली. २५ अंशांपेक्षा जास्त उताराची शेती सोडायची आणि तिथं झाडं किंवा गवत लावायचं, हा मुख्य नियम. त्याच्या बदल्यात सरकार धान्य आणि रोख पैसे देणार.

हिशेब समजून घेऊ. तिथं जमीन 'मू' मध्ये मोजतात. एक मू म्हणजे साधारण साडेसहा गुंठे, सहा मू म्हणजे जवळपास एक एकर. दक्षिणेत, यांगत्सेच्या खोऱ्यात, दर मूला वर्षाला १५० किलो धान्य. उत्तरेत, पीत नदीच्या खोऱ्यात, १०० किलो. दोन्हीकडं वर्षाला २० युआन रोख, आणि रोपांसाठी एकदाच ५० युआन. युआन म्हणजे तिथला रुपया. म्हणजे एक एकर सोडणाऱ्या सिचुआनच्या कुटुंबाला वर्षाला ९०० किलो धान्य आणि १२० युआन. उतारावरच्या भुरट्या जमिनीत कित्येकांना एवढं पिकतही नव्हतं. म्हणून सुरुवातीला पुष्कळ लोक खुशीनं आले, हे आम्ही लपवणार नाही.

मुदत अशी: जंगली झाडं लावली तर ८ वर्षं, फळझाडं लावली तर ५ वर्षं, गवत लावलं तर २ वर्षं. आणि अट अशी की लावलेल्या जमिनीतली बरीचशी जंगली झाडांखालीच पाहिजे, फळझाडांखाली थोडीच. फळझाडातून घरात पैसा येतो, जंगली झाड तोडायला परवाना लागतो. तरी जास्त जागा कुठल्या झाडाला, ते वरून ठरलं.

२००४ मध्ये धान्य बंद करून रोख सुरू केली. किलोला १ युआन ४० पैसे असा दर धरला. म्हणजे दक्षिणेत मूला २१०, उत्तरेत १४०. पुढच्या वर्षांत बाजारात धान्य महागलं, ठरलेला दर तिथंच राहिला. गोणीचे पैसे हातात आले, पण त्या पैशात पूर्वीएवढी गोणी भरेना. २००७ मध्ये पहिल्यांदा आलेल्यांची मुदत संपत आली तेव्हा सरकारनं आणखी एक फेरी वाढवून दिली, पण निम्म्या दरानं: १०५ आणि ७०. तेव्हा उत्तरेतल्या एकराच्या धन्याला वर्षाला ४२० युआन आणि वरचे १२०. तोवर झाडं आठ वर्षांची झाली होती आणि ते शेत सरकारी कागदावर शेत राहिलं नव्हतं, जंगल झालं होतं.

चांगलं झालं ते आधी सांगू

आपली सवय आहे, सरकारनं केलं म्हणजे वाईटच. तसं बोललो तर कुणी आपल्यावर विश्वास ठेवणार नाही. पीत नदीच्या खोऱ्यात लोएस म्हणून पिवळ्या, मऊ, वाऱ्यानं आणलेल्या मातीचं मोठं पठार आहे. तिथल्या मातीनंच नदी पिवळी झाली. त्या पठारावर १९९४ पासून २००५ पर्यंत जागतिक बँकेच्या कर्जातून पाणलोटाचं काम झालं. माथ्यावर झाडं, उतारावर झुडपं आणि गवत, खाली रुंद सपाट ताली, नाल्यात माती अडवायचे बांध. तालीत ओल टिकली, पीक वाढलं, सफरचंदाच्या बागा झाल्या. नदीत जाणारी माती कमी झाली. बँक म्हणते, २५ लाख माणसं गरिबीतून वर आली. आकडा बँकेचा आहे, पण डोंगर हिरवा झाला हे डोळ्यांना दिसतं. आणि एक गोष्ट तिथं बरी झाली: सपाट ताल आधी तयार करून दिली आणि उतार नंतर सोडवला. पोटाची सोय आधी, झाडाची नंतर.

झाडं लावायच्या योजनेतही घरात नियमानं धान्य आलं. कर्जासाठी दारोदार फिरणाऱ्यांना थोडा आधार झाला. ज्यांच्याकडं खाली चांगली जमीन होती, घरात तरणी माणसं होती, जवळ रस्ता होता, त्यांचं भलं झालं. पण ज्यांच्याकडं उतारच होता, दुसरं काहीच नव्हतं, त्यांचं काय?

द्रुंग लोकांची गोष्ट

चीनच्या पार नैऋत्य टोकाला युन्नान प्रांत. तिथं ब्रह्मदेशाच्या हद्दीला लागून द्रुंग नदीची अरुंद दरी आहे. दरीत द्रुंग नावाचे आदिवासी राहतात, सगळे मिळून सात हजारांच्या आसपास. चीनमधल्या सर्वांत लहान जमातींपैकी एक. २०१४ पर्यंत हिवाळ्यात खिंडीत बर्फ पडलं की दरी महिनोन्महिने बाहेरच्या जगापासून तुटायची. मोटारीचा पहिला रस्ता पोचला तो १९९९ मध्ये.

हे लोक फिरती शेती करत. डोंगराचा एक तुकडा साफ करायचा, जाळायचा, मका, बकव्हीट, राळ्यासारखी बारीक धान्यं, अळूचे कंद, शेंगा मिसळून पेरायच्या. एक-दोन वर्षांनी तो तुकडा सोडायचा आणि दुसरीकडं जायचं. सोडलेल्या तुकड्यात ते आल्डर नावाचं झाड वाढवत. या झाडाच्या मुळांवर गाठी असतात, आपल्या उडीद-तुरीच्या मुळांवर असतात तशा. त्या जमिनीला खत देतात. झाड लवकर वाढतं, सावली पडते, तण दबतं, काही वर्षांनी जमीन पुन्हा पिकायला तयार. झाड आणि पीक दोन्ही सांभाळणारी ही शेती त्यांनी कुठल्या विद्यापीठात शिकली नव्हती.

योजना दरीत पोचली तेव्हा हे शाश्वत शेतीत धरलं गेलं नाही. उतार आहे, जाळतात, म्हणजे नासाडी. फिरती शेती बंद झाली. बदल्यात तांदूळ आला. द्रुंग लोकांच्या घरात तांदूळ पूर्वी पाहुणा होता, आता रोजचा झाला. भात खायला मिळतो हे लोकांना आवडलंही, मोठेपणाचं वाटलं. पण मका-बकव्हीट पेरायला तुकडाच उरला नाही, तर बी किती वर्षं टिकणार? पेरणीच्या आधीचे, कापणीचे विधी कशाला करायचे? म्हातारा पोराला कुठला डोंगर दाखवून शिकवणार? सरकारी तांदूळ जोवर येतो तोवर खायचं, आणि तो येतो की नाही हे दरीच्या बाहेर ठरतं.

सरकारी कागदावर मात्र ही गोष्ट एका ओळीत मावते. इतके मू उतार परत जंगलाखाली, इतक्या कुटुंबांना धान्य, काम पूर्ण. आकड्यात खोट काढता येत नाही. फक्त त्या माणसांचं काय झालं ते त्यात सापडत नाही.

मोजायचं कसं? आपले पाच प्रश्न

प्रकल्पवाले काय मोजतात? किती झाडं जगली, किती माती अडली, उत्पन्न किती वाढलं. हे मोजायलाच पाहिजे. पण चीनचं वाचताना आम्हाला वाटलं की आपण आणखी पाच गोष्टी विचारायला पाहिजेत.

पहिला प्रश्न: ठरवलं कुणी? योजनेच्या नियमात लिहिलं होतं की सहभाग खुशीचा आहे. पण वरून जिल्ह्याला आकडा यायचा, इतकी जमीन सोडवा. जिल्हा तालुक्याला वाटायचा, तालुका गावाला. गावात मग एक डोंगरच्या डोंगर एकदम धरला जायचा, कारण तपासणीला सोपं पडतं. त्यात कुणाचं बरं शेतही जायचं. कुठलं शेत द्यायचं, कुठलं झाड लावायचं, हे निवडायला पुष्कळ शेतकऱ्यांना मिळालंच नाही, असं गावपाहणी करणाऱ्यांनी नोंदवलं. उत्तरेकडं जिथं पाऊस कमी तिथंही झाडंच लावली. पूर्वी लावलेले पॉप्लर तिथं किती वर्षं झाली तरी हातभर वाढलेले नव्हते. लोक त्यांना 'छोटे म्हातारे' म्हणत. गावाला विचारलं असतं तर गाव म्हणालं असतं, इथं गवतच लावा.

दुसरा प्रश्न: कागद कुणाच्या नावावर? इथं चीनचं चांगलं उदाहरणही आहे. नियम असा की जो शेत सोडेल, झाड लावेल, सांभाळेल, फायदा त्याचाच. लावलेल्या जमिनीचा कसण्याचा करार ७० वर्षांपर्यंत वाढवता येतो. म्हणजे झाड लावलं म्हणून जमीन गेली नाही, उलट कागद लांबला. हे आपण मागून घ्यायला हरकत नाही. पण झाड तोडायचं तर परवाना, तिथं पुन्हा साहेबाच्या दारात. आणि बायांचं? करार कुटुंबाच्या नावावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी पुरुषाच्या. पोरगी लग्न करून गेली की माहेरच्या जमिनीत तिचा वाटा उरत नाही, आणि सासरी ३० वर्षांचा करार आधीच झालेला, त्यात तिची भर पडत नाही. कायद्यानं तिला संरक्षण दिलंय, गावात ते पोचलेलं नाही. आपला वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर निघतो. तो तसाच निघतोय का, हे बायांनी आपल्या गावात तपासा.

तिसरा प्रश्न: मदत पूर्ण पोचते का, आणि संपल्यावर काय? चीनच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की ही मदत कुणी अडवू नये, वळवू नये, कापू नये. नियमात असं लिहायची पाळी का येते, ते तुम्हाला आम्ही सांगायला नको. कित्येक ठिकाणी ठरल्यापेक्षा कमी पोचलं. शिवाय ठरलेली रोपं जगली तरच पैसे. दुष्काळानं रोप मेलं तरी भुर्दंड शेतकऱ्यालाच. आणि मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. आठव्या वर्षी विचारून उपयोग नाही, तोवर शेताचं जंगल झालेलं असतं.

चौथा प्रश्न: घरातली माणसं कुठं गेली? हा आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अहवालात लिहितात, शेतीतून मोकळी झालेली माणसं बाहेर कामाला गेली, मजुरीचं उत्पन्न वाढलं, योजना यशस्वी. खरंच आहे, मजुरी वाढली. पण चीनमध्ये गावच्या माणसाची नोंद गावची असते. मोठ्या शहरात वीस वर्षं राबला तरी तो सहजी शहरचा होत नाही. पोराला शाळा, दवाखाना, सगळ्यात अडचण. म्हणून पोरं गावात आजी-आजोबांकडं ठेवतात. २००८ साली तिथल्या महिला संघानं अंदाज काढला की आईबापाविना गावात राहिलेली मुलं ५ कोटी ८० लाख आहेत. ती सगळी या योजनेमुळं नाहीत, कारखान्यांची ओढ मोठी आहे. पण उतार सुटल्यावर घरात राहण्याचं एक कारण कमी झालं. तिथं एक कडू विनोद करतात. गावात आता '३८-६१-९९ ची पलटण' उरली. ८ मार्च म्हणजे तिसऱ्या महिन्याची ८ तारीख, बायांचा दिवस. १ जून मुलांचा दिवस. आणि नवव्या महिन्याची नववी तिथी म्हाताऱ्यांचा सण. म्हणजे गावात बाया, पोरं आणि म्हातारे. उरलेलं शेत तेच कसतात, लावलेली झाडंही तेच राखतात.

आपल्यातले किती जण दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात? मुकादमाची उचल घेऊन गेलेल्या घराचं 'उत्पन्न वाढलं' असं कुणी लिहिलं तर तुम्ही काय म्हणाल? तेच उत्तर चीनच्या गावालाही लावा.

पाचवा प्रश्न: जे बंद केलं ते सगळ्यांना बंद झालं का? याचं उत्तर मंगोल लोकांकडून ऐका. आतल्या मंगोलियात मंगोल लोक पिढ्यान्पिढ्या मेंढरं घेऊन फिरत. गवत संपलं की पुढं. आधी सरकारनं १९८० नंतर कुरण वाटून दिलं, कुंपणं आली, फिरणं थांबलं. एकाच जागी चरून गवत संपायला लागलं. मग २००३ पासून गवत वाचवायचं म्हणून मोठ्या भागात चराईबंदी. काही कुटुंबांना कुरणातून उठवून रस्त्याकडच्या नव्या वसाहतीत नेलं. त्याला नाव दिलं 'पर्यावरणासाठी स्थलांतर'. २०११ मध्ये चराईबंदीची मदत मूला वर्षाला ६ युआन ठरली. आणि त्याच आतल्या मंगोलियातून चीनचा कोळसा निघतो. उघड्या खाणी, कोळशाचे ट्रक कुरणातून धावतात. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रक अडवायला उभ्या राहिलेल्या एका मंगोल पशुपालकाला ट्रकनं चिरडलं. हजारो माणसं, शाळकरी पोरंसुद्धा रस्त्यावर आली. मेंढराच्या तोंडानं कुरण संपतं आणि खाणीनं संपत नाही, हा कुठला हिशेब?

आपल्याकडंही चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करून गाव हिरवं झाल्याची उदाहरणं आहेत. नगर जिल्ह्यातली गावं तुम्ही ऐकलीत. बंदी गावानं ठरवली, सगळ्यांनी पाळली, तर फायदा होतो. पण बंदी आली की पहिला प्रश्न हा विचारा: गावात सगळ्यांत जास्त शेळ्या कुणाच्या आहेत? ज्याला जमीन नाही त्याच्या. त्याच्या शेळ्या विकल्यावर त्याला काय मिळालं?

हिशेब आपण ठेवू

आमच्या मते चीनच्या अनुभवाचा एकच मोठा धडा आहे. झाडं मोजायला अधिकारी होते, फिती होत्या, वरून फोटो काढणारे उपग्रह होते. माणसांचा हिशेब मागून ठेवला, आणि ठेवला तो बाहेरच्यांनी. कारण गावाकडं स्वतःची वही नव्हती आणि ती दाखवायला स्वतंत्र संघटनाही नव्हती. तिथं अर्ज घेऊन वरच्या कचेरीत जाता येतं, पण आपल्यासारखं एकत्र येऊन स्वतःची संघटना बांधायची मोकळीक नाही. आपल्याकडं संघटना आहे. मग वही का नाही?

म्हणून मावशींच्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. योजना घ्यायची की नाही हे आम्ही सांगणार नाही, शिबिरही सांगणार नाही. ते तुमची ग्रामसभा ठरवेल. पण ठरवण्याआधी एवढं करा.

एक. ज्याचा दावा अजून मंजूर नाही, त्यानं प्लॉटात एकही खड्डा मारू देऊ नये. आधी पट्टा हातात, मग झाड. कसलेल्या जमिनीवर लागवड उभी राहिली आणि उद्या कुणी म्हणालं 'इथं शेती नव्हतीच', तर पुरावा कुठून आणाल?

दोन. कुठलं झाड, कुठल्या तुकड्यात, हे घरातल्या बायांना विचारून ठरवा. नागलीचा, वरईचा, खुरसणीचा तुकडा बांधाबाहेर काढू नका. मोह, आंबा, हिरडा आपल्या प्लॉटात आधीपासून आहेत. ते मोजा, आणि योजनेतही मोजायला लावा.

तीन. पैसे किती, किती वर्षं, रोप मेलं तर काय, मुदत संपली तर काय, झाड तोडायचा आणि फळ विकायचा हक्क कुणाचा. या पाचांची उत्तरं लेखी घ्या. लेखी देत नसतील तर चहा पाजा आणि परत पाठवा.

चार. प्रत्येक पाड्यानं आजच एक वही घालावी. शंभर पानी साधी वही. योजना येण्याआधी प्रत्येक घरात काय पिकतं, किती महिने पुरतं, किती शेळ्या, किती गाई, कोण कामाला बाहेर जातं, पोरं शाळेत जातात का. हे सगळं घरटी लिहा. दरवर्षी होळीला पुन्हा लिहा. तीन वर्षांनी साहेब अहवाल घेऊन येतील, तेव्हा आपली वही त्यांच्यापुढं ठेवू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी पाड्यावरच्या शाळकरी पोरापोरींना कामाला लावा. पोरी नीट लिहितात, हा आमचा अनुभव आहे.

पाच. वही ग्रामसभेत मोठ्यानं वाचायची. कुणाचं काय लिहिलंय ते त्याच्या कानावर गेलं पाहिजे. नाहीतर आपणही माणसांना न विचारता मोजणारे होऊ.

शेवटी एवढंच. मातीची काळजी आपल्याला कुणी शिकवायला नको. डोंगर धुतला तर आधी आपलं शेत जातं, नदीकाठचं शहर मागून बुडतं. आपण झाडाच्या विरोधात नाही, तालीच्या विरोधात नाही. द्रुंग म्हाताऱ्यानं झाडाच्या मुळावरची गाठ ओळखली होती, तशी आपल्या म्हाताऱ्यांनीही बरीच ओळखली आहे. आपलं मागणं सरळ आहे: डोंगर वाचवायचा असेल तर डोंगरावरच्या माणसाला विचारून वाचवा, आणि त्याच्या चुलीवर काय शिजतंय तेही त्याच कागदात लिहा.

पुढच्या बैठकीला येताना वही घेऊन या. कोरी आणू नका.

संघटना जिंदाबाद!